कानवालीचा अर्ज

माझ्या मोठ्या काकूला कारखान्यात सगळे कानवाली म्हणत. तिचे स्वतःचे कान चारचौघींसारखेच होते, पण ती कपांना कान लावायची. चिनी मातीच्या कपबशांचा कारखाना होता तो. साच्यातून निघालेल्या ओल्या कपाला पातळ मातीचा ठिपका लावायचा आणि त्यावर कान सरळ बसवायचा, हे ऐकायला सोपं वाटतं. पण तो केसभर जरी तिरका बसला, तरी कप भट्टीतून वाकडं तोंड करूनच बाहेर येतो. काकूचे कान तिरके बसत नसत. दुकानात कुठे कपबशा मांडलेल्या दिसल्या की ती एक कप उचलायची, कान चिमटीत धरून बघायची आणि म्हणायची, "हा माझा नाही." मग ठेवून द्यायची. तिचा असलेला कप आम्हाला कधी सापडला नाही, कारण चांगले कप सगळे परगावी जात.

हे काम दुपारपर्यंत. दुपारनंतर आदल्या दिवशीचे वाळलेले कप समोर येत. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे कपावर एक रेघ उठते. ती सुरीने खरवडायची, काचकागदाने घासायची आणि आत फुंकर मारून भुगा उडवायचा. ओल्या स्पंजने पुसलं तर धूळ उडत नाही, पण वेळ दुप्पट लागतो, म्हणून स्पंज नुसते बादलीत पडून असत. भिंतीतला धूळ ओढून घेणारा पंखा वर्षानुवर्षं बंद होता. काकूने सव्वीस वर्षं अशा फुंकरा मारल्या. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. लहानपणी मला वाटायचं, काकू रोज संध्याकाळी म्हातारी होते आणि सकाळी परत तरुण होते.

घर एकच होतं. खाली आम्ही, वर काकू. मोठे काका मी शाळेत जायच्या आधीच वारले होते आणि त्यांची मुलगी, माझी ताई, लग्न होऊन लांब गेली होती. वर जायचा बावीस पायऱ्यांचा लाकडी जिना आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होता. कोण चढतंय, कोण उतरतंय, सगळं आत ऐकू यायचं.

आणि माझ्या आईचं नि काकूचं बोलणं नव्हतं. त्याचं कारण मी. आठ वर्षांची होते तेव्हा मला सारखा खोकला असायचा, आणि काकू कामावरून आली की मी धावत जाऊन तिच्या कुशीत शिरायची. एक दिवस आईने मला दंडाला धरून मागे ओढलं आणि म्हणाली की जाऊबाई, आधी कपडे बदलत जा, मग पोरीला जवळ घ्या, त्या धुळीने तिची छाती भरते. काकूला ते वेगळंच ऐकू गेलं. आपल्याला घाणेरडी म्हटलं, आपल्या कामाला घाणेरडं म्हटलं, असं तिने घेतलं. ती तशीच वर गेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारावरून जाताना ती भिंतीकडे तोंड करून जाऊ लागली. आईसुद्धा काही कमी नव्हती. एका जिन्याच्या दोन टोकांना दोघी जावा अकरा वर्षं मिठाची गुळणी धरून राहिल्या. बाबांनी पहिली दोन वर्षं मध्यस्थी करून पाहिली आणि मग हात टेकले.

काकूचा खोकला कधी सुरू झाला हे कोणालाच नक्की सांगता येणार नाही, कारण ती तो लपवायची. कारखान्यात खोकणाऱ्या बाईला आधी आठवड्यातून चार दिवस बोलावत, मग दोन, मग बोलावतच नसत. म्हणून खोकल्याची उबळ आली की काकू मातीचं घमेलं आणायच्या निमित्ताने मागच्या शेडमध्ये जायची, तोंडात टॉवेलचा बोळा धरून खोकायची आणि घमेलं घेऊन परत यायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी टीबी म्हणून नऊ महिने गोळ्या दिल्या. त्या तिने एकही न चुकवता घेतल्या आणि वजन मात्र उतरतच गेलं. मग तिच्या शेजारच्या पाटावर बसणारी बाई गेली, तीही टीबीच्या गोळ्या घेता घेताच. तेव्हा काकू पहिल्यांदा घाबरली आणि एकटीच मोठ्या इस्पितळात गेली.

तिथल्या छातीच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला आणि आजाराचं काही विचारण्याआधी काम काय करता ते विचारलं. काकूने सांगितलं. मग त्यांनी तिला समजेल अशा भाषेत समजावलं. हा टीबी नाही. ही दगडाची धूळ आहे, सिलिकोसिस म्हणतात याला. आत गेलेली धूळ बाहेर येत नाही आणि तिच्याभोवती फुफ्फुस वाळल्या कातड्यासारखं कडक होत जातं. औषधाने ते पुन्हा मऊ होत नाही. उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकायचं नाही.

काकूने विचारलं, "अर्धा दिवस गेले तर? नुसते कान लावायला?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक तासही नाही."

तिच्या पगारातून दर महिन्याला कामगार विम्याचा हप्ता कापला जाई. आजारपणाने काम कायमचं सुटलं तर महिन्याच्या महिन्याला लाभ मिळायची त्यात सोय होती, पण त्यासाठी चौदा पानांचा अर्ज भरायचा होता. तो काकूने वर बसून, काकांचा जुना चष्मा लावून, कोणाला न विचारता भरला. पुढे वैद्यकीय मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा ती इस्त्रीचे कपडे घालून गेली. तिथे नळीत फुंकायला लावलं, रक्त काढलं, आणि एका लांब वऱ्हांड्यात सहा मिनिटं चालायला सांगितलं.

हे सगळं आम्हाला पुढे कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की काकू हल्ली कामावर जात नाही.

विमा कचेरीचं पत्र आलं ते आमच्याकडे, कारण पोस्टमन जिना चढायचा कंटाळा करायचा. आई शाळेच्या कचेरीत वीस वर्षं कारकून होती. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये हे तिने शंभर जणांना सांगितलं असेल. हे तिने उघडलं. उभ्याउभ्या वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं, गॅस बंद केला आणि जिना चढू लागली. मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात नुकतीच कामाला लागले होते आणि त्या दिवशी सुट्टीवर होते. आईला वर जाताना बघून काहीतरी आक्रीत घडतंय असं वाटलं आणि मी तिच्या मागे गेले.

काकू खिडकीशी खुर्चीत बसली होती. आईने पत्र तिच्या मांडीवर ठेवलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदार हलकं, बैठं काम करण्यास सक्षम आहे, सबब लाभ नामंजूर.

अकरा वर्षांनंतरचं आईचं पहिलं वाक्य असं होतं, "जाऊबाई, अर्जाची नक्कल ठेवलीय का?"

काकूने पलंगाखालच्या पेटीकडे बोट केलं. आईने कागद काढले आणि जमिनीवर बसून एकेक पान उलटायला लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. स्वतःची अंघोळ स्वतः करू शकता का? हो. केस धुऊ शकता का? हो. बाजारातून सामान आणू शकता का? हो. जिना चढू शकता का? हो. चौदा पानं काकूने ठसठशीत अक्षरात हो, हो लिहिलं होतं.

"हे खोटं लिहिलंत तुम्ही," आई म्हणाली.

"खोटं कसं? चढतेच की मी. मला काय कोणी उचलून आणतं?"

"चढायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

काकू मांडीवरच्या पत्राची घडी घालू लागली.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही एकदाच थांबायच्या, वळणावर," आई म्हणाली. "मग दोनदा. गेल्या थंडीपासून चौथ्या पायरीवर, नवव्या, तेराव्या, आणि मग वळणावर बसता. परवा पिशवी घेऊन चढलात तेव्हा माझी डाळ शिजून झाली तरी तुम्ही वर पोचला नव्हतात. भिंतीपलीकडे मी असते, जाऊबाई. मला सगळं ऐकू येतं."

काकू एवढंच म्हणाली, "मग कधी आली नाहीस ती बाहेर."

 आईने मान खाली घातली आणि कागद उगाच पुन्हा जुळवत बसली. मग दोघींच्यात पाणी देणं-घेणं झालं, आणि अपिलाची मुदत किती दिवसांची आहे ते आईने पत्राच्या मागच्या बाजूला शोधून काढलं. माफी कोणीच मागितली नाही. त्या विषयावर त्या दोघी पुढेही कधी बोलल्याचं मला माहीत नाही.

अपिलासाठी नवीन कागद लागणार होते. डॉक्टरबाईंनी सविस्तर पत्र द्यायचं कबूल केलं. पण खरा घोळ कारखान्याच्या दाखल्यात निघाला. त्यात काकूची शेवटची नऊ वर्षं बांधणी खात्यात दाखवली होती. म्हणजे तयार कप कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. तिथे धूळ नसते. काकूने आयुष्यात एकही खोकं बांधलं नव्हतं.

असं कसं झालं ते विचारायला आम्ही तिघी मुकादमाच्या घरी गेलो. गोरापान, टापटिपीचा माणूस, नोकरीची दोन वर्षं राहिलेली. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि काही लपवलं नाही. नऊ वर्षांपूर्वी तपासणीचे साहेब येणार होते. धुळीच्या कामावर पंधरा वर्षांपेक्षा जुनी माणसं दिसली तर प्रश्न निघाले असते. म्हणून वरून सांगितल्याप्रमाणे त्याने एका दुपारी हजेरीच्या पुस्तकात अकरा बायका बांधणीत लिहून टाकल्या. बायका जागच्या जागीच बसल्या होत्या. हलली ती फक्त त्यांची नावं.

आईने विचारलं की हे लिहून द्याल का. त्याने रिकामे पेले गोळा करून तबकात ठेवले. मग म्हणाला की तोंडी पाहिजे तितकं सांगतो, लिहून मात्र मागू नका, सही माझीच आहे तिथे. निघताना तो काकूसाठी फाटकापर्यंत आला, रिक्षा थांबवून दिली, तिला हात देऊन बसवलं. काकू परत येताना म्हणाली, "माणूस वाईट नाही तो." आई इतकी चिडली की घर येईपर्यंत तिने बाहेर बघत राहणंच पसंत केलं.

त्या अकरा बायकांपैकी चौघी वारल्या होत्या. दोघी घरं बदलून कुठे गेल्या ते कळलं नाही. काकू सोडून बाकीच्या अजून कामावर होत्या, आणि कामावर असताना कारखान्याविरुद्ध कोण लिहून देणार? शेवटी डॉक्टरबाईंच्या पत्रावरच सगळी भिस्त राहिली. त्यात त्यांनी शेवटी लिहिलं होतं की कप कागदात गुंडाळून अशी फुफ्फुसं होत नाहीत, झाली असतील तर मला तसा एक तरी रुग्ण दाखवावा.

सुनावणी पाच महिन्यांनी लागली. तोवर काकूच्या बोलण्यात तुकडे पडू लागले होते. चार शब्द, दम, पुढचे तीन शब्द. हसू आलं तर ती हात वर करून आम्हाला थांबवायची, कारण हसण्याने तिचा जीव घाबरा व्हायचा.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी. आईने दारावरच्या शिपायाशी काय बोलणं केलं कोण जाणे, पण काकू लिफ्टने गेली. आत लांब टेबल, पलीकडे अध्यक्ष, एक बाई टिपणं घ्यायला, आणि विमा खात्याचे डॉक्टर. डॉक्टर उद्धट नव्हते. त्यांनी फाईल उघडून सरळ मुद्द्याला हात घातला. मागच्या तपासणीत बाई सहा मिनिटांत चारशे मीटर चालल्या आहेत. कुठे थांबल्या नाहीत, तक्रार केली नाही. अर्जातही सगळीकडे हो लिहिलं आहे. आता मधल्या काही महिन्यांत असं काय झालं?

अध्यक्षांनी काकूकडे पाहिलं. काकू म्हणाली, "चालले मी. खरं आहे ते."

आई खुर्चीत चुळबुळली. आता ही बाई सगळं घालवणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"त्यानंतर काय झालं ते... कोणी विचारलं नाही," काकू पुढे म्हणाली. दम घेतला. "तिथल्या संडासात जाऊन बसले. दीड तास. ओठ निळे झाले होते... आरशात बघितलं मी. उलटी झाली. बाहेर एक बाई दार वाजवत होती... उघडायला उठता येईना."

अध्यक्षांनी विचारलं की मग तपासणीच्या वेळी सांगितलं का नाही, सावकाश का नाही चाललात.

"सव्वीस वर्षं साहेब... दम लागलेला दिसला की घरी पाठवायचे. मला वाटलं... इथेही तसंच असेल."

टिपणं घेणाऱ्या बाईंचा हात थांबला होता. अध्यक्षांनी त्यांना लिहून घ्यायला सांगितलं. मग आईची साक्ष झाली. तिने जिन्याचं सांगितलं, कोणत्या पायरीवर किती वेळ, कोणत्या महिन्यापासून, आवाज न चढवता, हजेरी वाचून दाखवावी तसं. विमा खात्याचे डॉक्टर म्हणाले की तुम्ही घरच्याच, तुम्ही त्यांच्या बाजूनेच बोलणार.

"आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं," आई म्हणाली. "तेही लिहून घ्या. मी त्यांच्या बाजूची नव्हते तेव्हाच हे सगळं ऐकलेलं आहे."

अध्यक्षांनी पुन्हा चालायची तपासणी घ्यायचं ठरवलं, लगेच, बाहेरच्या वऱ्हांड्यात. काकूच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. कोणी आधार द्यायचा नाही, बोलायचं नाही. वऱ्हांड्यात बाकांवर दुसरी माणसं आपापल्या फायली घेऊन बसली होती. काकू निघाली ती जुन्या सवयीने ताठ मानेने, झपाझप. चार-पाच पावलं तशीच गेली. मग तिने मान वळवून आईकडे पाहिलं. आईने काहीच खूण केली नाही, करायला परवानगीही नव्हती.

काकूने पाय सावकाश केले. पंधरा-वीस पावलांवर ती भिंतीला हात लावून थांबली. तोंड उघडं, खांदे वरखाली, गळ्याच्या शिरा ताठलेल्या. बाकांवरची माणसं बघत होती. मी तिला लहानपणापासून ओळखते. कोणासमोर वाकलेली ती मला माहीत नाही, आणि तिथे ती गुडघ्यांवर हात टेकून, अनोळखी लोकांच्या देखत, एकेक श्वास ओढत उभी होती. परत निघाली, परत थांबली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी चिमट्यावरचा आकडा बघितला आणि स्वतःच पुढे होऊन तिला बाकावर बसवलं. सहा मिनिटं व्हायला अजून बराच वेळ होता. त्यांनी शिपायाला ऑक्सिजनची नळकांडी आणायला पिटाळलं.

बाकावर टेकल्यावर, बोलता येऊ लागल्यावर, काकू आईला म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं?" ते रागाने होतं की थट्टेने, आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती त्याबद्दल मला पुढे कित्येकदा विचारायची.

अपील मंजूर झालं. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व, असं त्यात लिहिलं होतं. मात्र लाभ काम सुटल्यापासून द्यायचा नाही, अपिलाच्या तारखेपासून द्यायचा, कारण मूळ अर्जातली माहिती अर्जदाराने स्वतःच चुकीची भरली होती. आईला त्यावर आणखी भांडायचं होतं. काकूने नको म्हटलं. तिला आता घरचं ऑक्सिजनचं यंत्र हवं होतं आणि ते विम्यातून मिळणार होतं, तेवढ्याने तिचं समाधान झालं.

यंत्र आलं ते खाली, आमच्या पुढच्या खोलीत, कारण काकू आता चढूच शकत नव्हती. बाबांनी तिचा पलंग सोडवून खाली आणला. ती आमच्यात चौदा महिने राहिली. यंत्र दिवसभर घरघरत असायचं आणि त्या आवाजावर दोघी जावांची भांडणं चालायची, भाजीत मीठ किती आणि खिडकी उघडी की बंद. अकरा वर्षांची थकबाकी त्या फेडत असाव्यात. मधल्या काळात कारखान्यातल्या तिघी बायका येऊन गेल्या, एकेकट्या, घाईघाईत, अर्ज पदराखाली लपवून आणल्यासारखा धरून. काकू त्यांना समोर बसवून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावायची. एकीने जिन्याच्या प्रश्नापुढे हो लिहिलेलं पाहून तिने पेन मागून घेतलं आणि ते स्वतः खोडलं. त्यातल्या एकीचा अर्ज मंजूर झाला. दोघींचा नाही, कारण दाखल्यात बांधणी खातं होतं.

काकू एका दुपारी गेली. ताई आदल्याच दिवशी पोचली होती, त्यामुळे मायलेकींची भेट झाली. यंत्र चालूच होतं. ते बंद करायचं आम्हाला कितीतरी वेळ सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी तिच्या नावाने विमा कचेरीचं पत्र आलं. वार्षिक फेरतपासणी. अर्जदाराच्या प्रकृतीत सुधारणा झाली आहे का हे पाहण्यासाठी अमुक तारखेला मंडळासमोर हजर राहावे, न राहिल्यास लाभ बंद करण्यात येईल.

आई त्या तारखेला गेली. मीही गेले. खिडकीतल्या कारकुनाने पत्र घेतलं, मृत्यूचा दाखला घेतला आणि दुःख झालं असं काहीतरी म्हणाला. मग त्याला संगणकात नोंद करायची होती. लाभ बंद करण्याची कारणं तिथे ठरलेली होती आणि त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. त्याने ती सवयीने आईला वाचून दाखवली. अर्जदार पुन्हा कामावर रुजू, प्रकृतीत सुधारणा, मृत्यू.

"तिसरं," आई म्हणाली.

त्याने तसं नोंदवलं. आईने शिक्का मारलेली पोच मागितली. शिक्का जेवणाच्या सुट्टीनंतर मिळेल असं तो म्हणाला, तेव्हा आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.